कोरी जोडी

प्राणिशास्त्राचं जर्नल मी उलटं धरून पुन्हा एकदा झटकलं. बेडकाच्या पचनसंस्थेचा सुटा कागद पडला, पेन्सिलीचा तुकडा पडला, मैत्रिणीने कधीतरी दिलेलं मोराचं पीस पडलं. तिकिटं काही पडली नाहीत.

“मघापासून काय धुंडाळतेयस?” आईने आतून विचारलं.

“काही नाही.”

“काही नाही शोधायला एवढी आदळआपट लागते होय?”

मी टेबलाचा खण ओढून पलंगावर पालथा केला. गादी उचलून पाहिली. आई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. शुक्रवार होता. सोमवारी संध्याकाळपर्यंत प्रदर्शनाचं माझं शेवटचं पान शिरसाट सरांकडे पोचायला हवं होतं, आणि ज्या तिकिटांसाठी सगळा खटाटोप केला तीच घरातून नाहीशी झाली होती.

“आई, माझ्या टेबलापाशी कोण आलं होतं?”

“कोण येणार? मी केर काढला तेवढाच. काय हरवलंय ते तरी सांग.”

“तिकिटं.”

“मग त्यात काय एवढं, दुसरी भिजत घाल.”

“तसली नाहीत. कोरी होती.”

आईने आधी बाहेरचं दार लोटून घेतलं आणि आवाज उतरवून म्हणाली, “कोरी? या घरात? जयू, तुला वेडबीड लागलंय का?”

आता हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याला हसू येईल. पोस्टाचं कोरं तिकीट घरात असण्यात वेड ते काय? पण आम्ही नाशिकरोडला राहायचो आणि माझे वडील, आमचे दादा, प्रेसमध्ये होते. प्रेस म्हणजे वर्तमानपत्राची नव्हे. जिथं देशाची पोस्टाची तिकिटं छापतात ती. आमच्या आळीत निम्म्या घरांतला कर्ता माणूस सकाळी त्याच भोंग्यावर घराबाहेर पडायचा. सुटताना फाटकावर झडती व्हायची, त्याचं कुणाला काही वाटत नसे. जेवणाचा डबा उघडून दाखवायचा, हात वर करायचे, की घरी. दादांचं काम मोजणीचं. छापून आलेले कागद मोजायचे, डागाळलेले वेगळे काढायचे, आकडा जुळवायचा.

पण दादांची झडती फाटकावर संपत नसे, ती घरापर्यंत यायची. घरात कोरं तिकीट आणायचं नाही, हा त्यांचा नियम. प्रेसने असला नियम कुणाला घातला नव्हता, बाकीच्यांच्या घरात पाकिटं, तिकिटं खुशाल पडलेली असत. आमच्याकडे पत्र लिहून झालं की दादा ते घेऊन स्वतः पोस्टात जात, खिडकीवर तिकीट घेत, तिथंच चिकटवत, तिथंच पेटीत टाकत आणि मोकळ्या हातांनी घरी येत. एकदा सिन्नरची आत्या येऊन गेली आणि तिचं कोरं आंतर्देशीय खिडकीत राहिलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दादा एसटीने सिन्नरला जाऊन ते परत देऊन आले. आत्या अजून सांगते आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसते.

आणि अशा घरात जन्माला येऊन मला नाद लागावा तो तिकिटांचा. त्यातून पक्ष्यांच्या तिकिटांचा. दादांनी नाद बंद केला नाही, फक्त अट घातली. शिक्क्याची तिकिटं आण, हवी तेवढी आण. मग मी आळीभर हिंडून जुनी पाकिटं मागायची, परातीत भिजत घालायची, सुटली की वर्तमानपत्रावर वाळवायची. मोर, धनेश, माळढोक, सगळे जमले. पण माझ्या वहीतल्या एकूण एक पक्ष्याच्या तोंडाला पोस्टाने काळं फासलेलं. ते बघून शिरसाट सर हळहळायचे.

शिरसाट सर नाशिकला एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. रविवारी त्यांच्या ओसरीवर आम्ही तिकिटंवाले जमायचो. माझ्या डोक्यात पक्षितज्ज्ञ सलीम अलींचं वेड त्यांनीच घातलं. निफाडजवळ नांदूर मध्यमेश्वरला नेऊन त्यांनी मला पहिल्यांदा दुर्बीण हातात दिली होती, तेव्हापासून मी प्राणिशास्त्र घ्यायचं पक्कं केलं. शहाण्णव साल सलीम अलींच्या जन्मशताब्दीचं. जूनपासून माझी एकच भुणभुण, यंदा त्यांच्यावर तिकीट निघणार की नाही. एकदा जेवताना तर थेट दादांनाच विचारलं.

“दादा, तुमच्याकडे काही कळतं का हो? सलीम अलींचं तिकीट निघेल का?”

“सरकारला माहीत,” दादा म्हणाले आणि आमटी ओरपायला लागले.

नोव्हेंबरात तिकीट निघालं. एक नव्हे, जोडी. दोन तिकिटं शेजारी शेजारी आणि चित्र मिळून एकच, अर्धं या तिकिटावर, अर्धं त्या. सलीम अली आणि त्यांचे ते रंगीत करकोचे. मधून फाडलं की चित्राचे दोन तुकडे. आता लोक पत्राला एक तिकीट लावतात, जोडी कोण लावतो? त्यामुळे शिक्क्याची जोडी अख्खी मिळायची म्हणजे वाळूतून तेल काढायचं. सरांनी जानेवारीतल्या प्रदर्शनासाठी माझं नाव दिलं होतं. सोळा पानं मांडायची एक चौकट, विषय सलीम अली आणि आपले पक्षी. या खेपेला सरांनी माझ्याकडून सगळे पक्षी कोरे जमवून घेतले होते, ती पानं त्यांच्याकडेच असायची. पंधरा पानं तयार झाली. सोळावं या जोडीचं.

“लग्नाला सगळं वऱ्हाड आलंय,” सर म्हणाले, “आणि नवरदेवाचा पत्ता नाही. कोरी जोडी आण, मग बघ. इथून निवडलं तर मुंबईच्या प्रदर्शनात जातं ते. आपल्या नाशिकरोडची मुलगी अजून एकही गेली नाही.”

झालं. मुंबई माझ्या डोक्यात जाऊन बसली. नाशिकच्या मोठ्या पोस्टात संग्राहकांसाठी वेगळी खिडकी होती. तिथं जाऊन मी चार तिकिटांचा तुकडा घेतला, एकाखाली एक दोन जोड्या, कडेची पांढरी किनारही तशीच. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, घे, तळाशी राहिलेलं आहे. ती तिकिटं सरळ सरांकडे द्यायची, हे कुणीही सांगेल. पण मला ती घरी न्यायची होती. रात्री निजताना एकदा बघायची होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पक्ष्यांची तोंडं स्वच्छ होती. म्हणून जर्नलात, चिमणीच्या सांगाड्याच्या पानाशी, बटर पेपरात गुंडाळून ठेवली. सोमवारी पोचवणार होते. आणि शुक्रवारी ती तिथं नव्हती.

“दादांना सापडली असतील,” आई म्हणाली.

“दादा माझ्या जर्नलाला कशाला हात लावतील?”

“मग उंदरानं नेली म्हण.”

खरा वैताग पुढेच होता. दादा प्रेसमधून आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. आणि मला विचारताही येईना. काय विचारणार? दादा, घरात आणायची नव्हती ती तिकिटं मी आणली, तुम्ही पाहिलीत का? आपल्याच हाताने फास गळ्यात घालून घ्यायचा. मी लांबून लांबून वळसे घेतले.

“दादा, माझं टेबल कुणीतरी आवरलंय वाटतं.”

“असं?”

“काही हलवलं का कुणी?”

“जेवताना टेबल कशाला काढतेस? भाजी वाढ.”

मी भाजी वाढली. दादांचा चेहरा म्हणजे बंद फाटक. त्यावरून काही समजेल ही आशा आळीतल्या कुणालाच नव्हती, आईलाही नव्हती. मी रात्रभर तळमळले.

शनिवारी दुपारी बोराडे पोस्टमन आला. दादा अर्ध्या दिवसाची पाळी करून नुकतेच आले होते, ओट्यावर बसून चपलेचा अंगठा शिवत होते.

“जयूताई, तुमचं टपाल,” बोराडे म्हणाला. “कुणी मोठ्या माणसानं धाडलंय बुवा. तिकिटंच तिकिटं.”

मी पाकीट हातात घेतलं. पत्त्यावर दादांचं अक्षर. कुमारी जयमाला रामकृष्ण गायधनी, खाली आमच्याच घराचा पत्ता. आणि उजव्या बाजूला चारही तिकिटं, पाकिटाला गच्च चिकटवलेली. पोस्टाने एकही मोकळं सोडलं नव्हतं. एक शिक्का करकोच्याच्या चोचीवर, एक सलीम अलींच्या चष्म्यावर, उरलेले दोन जोडांवर थापलेले, शाई फुटलेली. पांढरी किनार कात्रीने कापून टाकलेली. मी पाकीट उघडलं. आत काही नव्हतं. कोरा कागदसुद्धा नव्हता.

“दादा, हे काय आहे?”

“तुझी तिकिटं,” दादा सुई ओढत म्हणाले. “आता ठेव. आता बिनघोर ठेव.”

“बिनघोर? दादा, तुम्ही सत्यानाश केलात यांचा.”

“आवाज खाली.”

“का खाली? मी चोरी केलीय का? पोस्टातून घेतलीत, पैसे मोजून घेतलीत. पावती दाखवते.”

“पावती कोण बघतं?” दादा म्हणाले. “लोक आधी बोट दाखवतात, मग पावती मागतात. गायधनीच्या घरात कोरी तिकिटं निघाली, एवढंच ऐकतील. नोकरीची दोन वर्षं राहिलीत माझी.”

“कोण निघालंय आपल्या घरात शोधायला? तुमच्याच प्रेसमधल्या लवटेकाकांच्या घरी टेबलावर पडलेली असतात. त्यांना कुणी विचारलंय?”

“लवट्यांचं लवट्यांना.”

“आणि किनार का कापली?”

“किनारीवर छपाईच्या खुणा असतात.”

“म्हणूनच तर हवी असते ती.”

दादांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची सुई हातातच थांबली. मला वाटलं, चला, निदान पस्तावले. तर म्हणाले, “शिक्का बसलेलं तिकीट तुझं. कोरं तिकीट सरकारचं. एवढं साधं आहे.”

डोक्यात तिडीक गेली माझ्या. एवढं साधं. सहा महिने मी त्या जोडीच्या मागे होते, आणि या माणसाने जीभ लावून ती पाकिटावर डकवली आणि वर मला पोस्टाने घरपोच पाठवली. बरं, फाडून टाकली असती, चुलीत घातली असती, तर दुष्टपणा केला म्हणून मोकळेपणी भांडता आलं असतं. पण त्यांच्या लेखी त्यांनी माझं भलं केलं होतं. भलं करणाऱ्याशी भांडायचं कसं, हे मला आजही जमत नाही.

आई मध्ये पडली. “अहो, पण पोरीला एकदा विचारायचं तरी.”

“तिनं मला विचारलं होतं आणताना?”

मी पाकीट ओट्यावर आपटलं आणि आत जाऊन बसले. आईने ते उचलून आपल्या कपाटात कुठेतरी ठेवलं.

रविवारी सरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

“तुझे वडील म्हणजे धन्य आहेत बाई,” ते म्हणाले. “माझ्याकडे एकच जोडी, ती माझ्या पानात अडकलीय. ती काढली तर माझी चौकट बसत नाही. तू उद्या सकाळी खिडकीवर जा.”

सोमवारी कॉलेज बुडवून खिडकीवर गेले. त्या गृहस्थांनी मान हलवली. संपली. मुंबईला मिळतील कदाचित. मी म्हटलं, मला आज संध्याकाळपर्यंत हवीत. ते म्हणाले, मग बसा इथं, करकोचे येतात का बघत. अशा वेळी माणसांना विनोद सुचतात, याचा मला फार राग येतो.

“पाकीटच लाव,” सर संध्याकाळी म्हणाले. “काही नसण्यापेक्षा बरं.”

“नाही लावणार.”

“मग पान काढ. पंधरा पानांचं देऊ.”

“पान राहू दे. रिकामं राहू दे.”

“अगं, परीक्षक काय म्हणतील?”

“म्हणू देत,” मी म्हटलं.

सर हट्टाला पेटले नाहीत. मी पेटले होते तेवढं पुरे होतं. सोळाव्या पानावर मी सुबक अक्षरात लिहिलं, ‘जन्मशताब्दीची जोडी’. त्याखाली काळ्या कागदाची रिकामी चौकट चिकटवली आणि पान तसंच दिलं.

प्रदर्शन शनिवार-रविवार दोन दिवस, नाशिकला एका शाळेच्या सभागृहात. परीक्षकांनी शनिवारीच बघून घेतलं. माझ्या चौकटीखाली कार्ड लावलं होतं, मांडणी चांगली, मुख्य नग नाही. मुंबईला दुसऱ्या कुणाची तरी आगगाड्यांच्या चित्रांची तिकिटं गेली. आगगाड्या. मी त्या मुलाचं अभिनंदन केलं आणि दात आवळत माझ्या चौकटीपाशी येऊन उभी राहिले. दोन दिवस येणारा प्रत्येक माणूस पंधरा पानं भरभर बघायचा आणि सोळाव्याशी थांबायचा. नेमका तिथंच. जोडी कुठाय? जोडी का नाही? पडली का? मी तीच उत्तरं देऊन देऊन कंटाळले.

रविवारी दुपारी दादा आले. मी त्यांना या म्हटलं नव्हतं. धुवट पांढरा सदरा घातलेला, केस पाण्याने चापून बसवलेले. सासुरवाडीला आल्यासारखे दारात घुटमळले, मग एकेका चौकटीवरून नजर टाकत माझ्यापर्यंत आले. त्यांनी माझी पानं बघायला सुरुवात केली. पहिलं पान, दुसरं पान. एवढ्या सावकाश आतापर्यंत कुणी पाहिली नव्हती. ते बाराव्या-तेराव्या पानाशी असतील, तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ भिंग घेऊन सोळाव्याशी येऊन थबकले.

“काय गं मुली, जोडी हरवली का?”

“हरवली नाही,” मी म्हटलं. “वडिलांनी वापरली.”

“वापरली म्हणजे?”

“पाकिटाला लावून टाकली पेटीत.”

“अरेरे. त्यांना कळत नसेल त्यातलं.”

“त्यांनाच विचारा. हे काय, उभे आहेत.”

तोंडातून गेलं. गृहस्थ बिचारे ओशाळले, भिंग खिशात घालायला लागले. दादा मात्र वळून नमस्कार करत म्हणाले, “हो. मीच वापरली.” आणि पुन्हा तेराव्या पानाकडे वळले. सोळाव्याशी आले तेव्हा त्या काळ्या रिकाम्या चौकटीपुढे ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “चहा घेतेस?”

शाळेच्या फाटकाबाहेर चहाची गाडी होती. आम्ही दगडी कठड्यावर बसलो. दादांनी चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

“जूनमध्ये तू विचारलं होतंस,” ते म्हणाले. “तिकीट निघेल का म्हणून.”

“हो. तुम्ही म्हणालात, सरकारला माहीत.”

“पुढं पावसाळ्यात ते माझ्या टेबलावर आलं.”

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी कप खाली ठेवला.

“तुमच्याकडे होतं? आणि मी रोज घरात डोकं खात होते, निघेल का, निघेल का.”

“रोज. जेवताना.”

“आणि तुम्ही आमटी ओरपत होतात.”

“सांगायची पद्धत नाही,” दादा म्हणाले. “त्याचं मला कधी काही वाटलं नाही. एवढी वर्षं कागद हाताखालून गेले, मला कधी चित्र दिसलं नाही. आकडा दिसायचा. गांधीजी असोत, ताजमहाल असो, आपला आकडा. हे मात्र दिसायला लागलं. तू त्या पक्ष्यांचं इतकं बोलायचीस की ते पायबीय मला ओळखू यायला लागले. एक दिवस दुपारी माझा अंगठा कागदाच्या कोपऱ्यावर थांबला. कोपऱ्यातली जोडी. मध्ये भोकांची ओळ असतेच. नुसतं बोट दाबलं की सुटते.”

“मग?”

“मग काही नाही. आकडा चुकला. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.”

दादांनी भरलेली बशी कठड्यावर ठेवली.

“एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी डबा कसा धरायचा, तेसुद्धा मनात येऊन गेलं. मग साहेबांना म्हटलं, डोळे दुखतात, मला दुसऱ्या टेबलावर टाका. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं.”

आणि हा एका आंतर्देशीय पत्रापायी सिन्नर गाठणारा माणूस.

“त्या दिवशी मी तुझं जर्नल चाळत होतो,” ते म्हणाले.

“तुम्ही माझं जर्नल चाळता?”

“चित्रं बघतो. सकाळी तू कॉलेजला गेलीस की, भोंग्याआधी. चिमणीचा सांगाडा चांगला काढलायस. तिथं ती समोर आली. चार, किनारीसकट, कोरी करकरीत. जयू, मला वाटलं मीच आणली.”

“म्हणजे?”

“म्हणजे मला आठवेना. खरंच आठवेना. इतक्या वेळा मनातल्या मनात आणली होती, की मला वाटलं, एखाद्या दिवशी हातानं आणलीच असतील. मी घाम पुसत बसलो. नंतर लक्षात आलं, तू आणली असशील, पोस्टातून. तोपर्यंत किनार कापून झाली होती.”

“मग तेव्हा तरी ठेवायची होती ना जागच्या जागी.”

“ठेवली असती तर मला झोप लागली नसती,” दादा म्हणाले. “घरात असती तर रोज वाटलं असतं, मीच आणली.”

“हे त्या शनिवारी का नाही सांगितलंत? मी एवढी ओरडले, तुम्ही आपलं सरकारचं तिकीट, सरकारचं तिकीट.”

“काय सांगू? तुझा बाप चोर आहे म्हणू?”

“चोरी केलीत कुठं तुम्ही?”

“नाही केली. पण किती थोडक्यात राहिली, ते मला माहीत आहे ना.” त्यांनी गार झालेली बशी तोंडाला लावली. “आईला सांगू नकोस. तिला सवय आहे माझी, आहे तशी.”

मला रडावं की त्यांना गदागदा हलवावं, कळेना. आठवडाभर मी एकेक वाक्य घासून धारदार करून ठेवलं होतं, ते सगळं तोंडातच राहिलं. माझी मुंबई गेली ती गेलीच. जोडी गेली. आणि ज्याच्यामुळे गेली त्याच्यावर राग धरायची सोयसुद्धा या माणसाने ठेवली नाही. मी म्हटलं, “चला, आत पानं काढायची आहेत.” दादांनी कपबशा गाडीवर नेऊन दिल्या. आत येऊन त्यांनी माझी पानं एकेक करून उतरवली, कडा जुळवून गठ्ठा केला आणि सवयीने अंगठा फिरवून मोजली.

पुढे दोन वर्षांनी दादा निवृत्त झाले. प्रेसने शाल दिली, घड्याळ दिलं. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं, नोकरीला लागले, लग्न होऊन जळगावला आले. ती कोरी जोडी मला नंतर एका विक्रेत्याकडे सहज मिळाली. घेतली, वहीत लावली. तेव्हा जे वाटायला हवं होतं ते वाटलं नाही. दादांशी त्या विषयावर मी पुन्हा बोलले नाही, ते बोलणारे नव्हतेच. आईला मी सांगितलं नाही. ती दादांच्या आधी गेली, तिला सवय होती तसे दादा तिच्याजवळ राहिले.

गेल्या वर्षी दादा गेले. दशक्रियेला गोदावरीच्या घाटावर प्रेसमधली बरीच मंडळी आली होती, सगळी आता काठी टेकणारी. आमच्याकडे त्या वेळी चार माणसं बोलतात, तशी बोलली. शेवटी लवटेकाका उठले. त्यांना उभंही राहवत नव्हतं, त्यांच्या नातवाने धरलं होतं.

“आम्ही दोघं शेजारच्या टेबलांवर होतो,” ते म्हणाले. “लाखोंचा कागद या माणसाच्या हाताखालून गेला. एक दिवस, एक क्षण त्याच्या मनाला पाप शिवलं नाही. देवासमोर सांगतो.”

घाटावरच्या सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. शिवलं होतं. सबंध नोकरीत एकदाच, आणि तेही माझ्यापायी.